स्पेनमधलं सुट्टीचं घर: स्वतःच राहतो, भाडं घेत नाही, तरी आयकर?

टेम्सकाठ | १३ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी १ जुलैला मी आणि बायकोने मिळून तोर्रेविएखाजवळ दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. मालकी निम्मी-निम्मी. आम्ही राहतो रेडिंगला, दोघंही नोकरीत, कर इंग्लंडमध्ये भरतो. फ्लॅट भाड्याने देत नाही आणि द्यायचाही नाही. मुलांच्या सुट्ट्यांत जातो, मध्ये नागपूरहून आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना घेऊन गेलो, बास.

घर घेताना एजंट म्हणाला होता की घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स आणि कचऱ्याचं बिल एवढं भरलं की झालं. तिन्ही तिथल्या बँक खात्यातून आपोआप जातात. आता वरच्या मजल्यावरच्या नॉर्वेच्या बाई म्हणतात की दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत ‘मोदेलो २१०’ नावाचा आयकराचा फॉर्म भरावा लागतो. मी म्हटलं, तिथे माझं उत्पन्नच नाही तर आयकर कसला? त्या नुसत्या हसल्या.

स्पेनच्या आयकर खात्याकडून मला आजवर एक पत्र नाही की बिल नाही. इथे कोणाचं स्पेनमध्ये घर आहे का? बाई म्हणतात ते खरं आहे का, आणि असेल तर साधारण किती भरावे लागतात?

---

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर

बाई बरोबर आहेत. तुमच्याकडे अजून दीड महिना आहे, घाबरू नका.

मी वालेन्सियात एका कर सल्लागाराच्या कचेरीत काम करतो आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्या दारात नेमकी हीच गर्दी असते. सगळ्यांचं वाक्यही एकच: "बिल आलं नाही." येणारही नाही. घरपट्टी, म्हणजे इथली ‘इबी’, नगरपालिकेची असते आणि तिचं बिल येतं. आलिकांते प्रांतात बहुतेक गावांसाठी ती वसुली सुमा नावाची संस्था करते, तुमच्या बँकेच्या उताऱ्यात हे नाव दिसेल. मोदेलो २१० मात्र केंद्राच्या आयकर खात्याचा, आसिएंदाचा. त्यात हिशेब मालकाने स्वतः करायचा, फॉर्म स्वतः भरायचा, पैसे स्वतः पोचवायचे. खातं आठवण करत नाही. करतं तेव्हा ती आठवण नसते, नोटीस असते.

आता उत्पन्न कुठून आलं? कायदा म्हणतो की स्पेनमध्ये न राहणाऱ्या माणसाच्या मालकीचं शहरी घर त्याच्या स्वतःच्या वापरासाठी राखलेलं असेल, किंवा नुसतं कुलूप लावून ठेवलेलं असेल, तर त्यातून ठरावीक उत्पन्न मिळालं असं मानायचं. सरकारी दप्तरात घराची एक किंमत नोंदलेली असते, तिला ‘बालोर कातास्त्राल’ म्हणतात. बाजारभावापेक्षा ती सहसा बरीच कमी असते. तिचे २ टक्के हे तुमचं मानलेलं वार्षिक उत्पन्न. गावातल्या सगळ्या किमतींची फेरआकारणी गेल्या दहा वर्षांत लागू झाली असेल तर २ ऐवजी १.१ टक्के. त्यावर कराचा दर युरोपीय संघात, आइसलँड, नॉर्वे आणि लिख्टेनश्टाइनमध्ये राहणाऱ्यांना १९ टक्के, बाकी सगळ्यांना २४ टक्के. इंग्लंडवाले २०२० पर्यंत १९ मध्ये होते. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, २४ मध्ये गेले. तुमच्या नॉर्वेच्या बाई हसल्या त्यात हेही असावं.

तुमची कातास्त्रालची किंमत सांगा, आकडा काढून देतो. इबीच्या पावतीवर ती छापलेली असते.

---

कसलाकर | १३ नोव्हेंबर

म्हणजे आपल्याच घरात झोपलो म्हणून आपणच आपल्याला भाडं दिलं असं समजायचं, आणि त्या न मिळालेल्या भाड्यावर सरकारला कर द्यायचा. वा! हे सुचलं कोणाला? त्या माणसाचा पुतळा बसवा समुद्रकाठी.

---

हिशेबनीस | १३ नोव्हेंबर

@कसलाकर, पुतळा लांब जाऊन शोधायची गरज नाही. आपल्याकडे काय होतं? स्वतःच्या वापरातलं एकच घर शून्य धरायचं आणि दुसरं बंद असलं तरी त्याचं भाडं आलं असं मानून कर लावायचा. करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पासून दोन घरं शून्य धरायला मिळाली. त्याआधी पुण्यात फ्लॅट आणि कोकणात घर असलेल्या कितीतरी लोकांनी हे मानलेलं भाडं रिटर्नमध्ये दाखवायला हवं होतं. किती जणांनी दाखवलं ते विचारू नका.

आणि हा फक्त परदेशी माणसावरचा राग नाही. स्पेनमध्येच राहणाऱ्याचं दुसरं घर असेल तर त्यालाही हेच मानलेलं उत्पन्न त्याच्या वार्षिक रिटर्नमध्ये धरावं लागतं. परदेशी मालकाला त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, इतकाच फरक.

---

टेम्सकाठ | १४ नोव्हेंबर

हिशेबनीस, मनापासून आभार. पावती काढली. बालोर कातास्त्राल ६०,००० युरो लिहिलंय. (घेतला तो याच्या दुपटीहून जास्तीला!) फेरआकारणी कधीची ते मात्र पावतीवर सापडत नाही.

आणि एक, मालकी दोघांची आहे तर फॉर्म एकच ना? इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्सचं बिल घराला एकच येतं म्हणून विचारतो.

---

हिशेबनीस | १४ नोव्हेंबर

नाही. दोन मालक, दोन फॉर्म. नवरा-बायको असलात तरी. प्रत्येकाचा परदेशी ओळख क्रमांक, म्हणजे नीए, वेगळा आणि प्रत्येकाचा करही वेगळा. एकाने दोघांचा मिळून भरला तर खात्याच्या लेखी एकाने जास्त भरला आणि दुसऱ्याने भरलाच नाही. लोक सगळ्यात जास्त अडकतात ते इथे.

तुमचा हिशेब: फेरआकारणी दहा वर्षांच्या आतली आहे असं धरू. ६०,००० चे १.१ टक्के म्हणजे ६६० युरो. २०२४ मध्ये घर तुमच्याकडे १ जुलैपासून, म्हणजे १८४ दिवस. ते लीप वर्ष, म्हणून भागायचं ३६६ ने. ६६० चे झाले ३३१.८०. त्याचे दोन वाटे, प्रत्येकी १६५.९०. त्याचे २४ टक्के ३९.८२ युरो. एवढा एकेकाचा २०२४ चा कर, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. पुढच्या वर्षी पूर्ण वर्षाचे प्रत्येकी ७९.२० होतील. २ टक्क्यांचा नियम लागू असेल तर पूर्ण वर्षाचे प्रत्येकी १४४. तुमचा पत्ता युरोपीय संघातला असता तर हेच ७९.२० चे ६२.७० झाले असते.

१.१ की २ हे अंदाजाने ठरवू नका. गावाची शेवटची सार्वत्रिक फेरआकारणी कोणत्या वर्षी लागू झाली ते कातास्त्रोच्या, म्हणजे घर-जमिनीच्या सरकारी दप्तराच्या, कचेरीत किंवा नगरपालिकेत कळतं. दर वर्षी अर्थसंकल्पातून किंमत थोडी वरखाली होते ती फेरआकारणी नव्हे, त्यावरून फसू नका. शिवाय २०२३ या वर्षासाठी खास सवलत होती, २०१२ पासून लागू झालेल्या फेरआकारण्यांनाही १.१ चालत होता. ज्यांना जुनी वर्षं भरायची आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवा.

नव्या बांधकामात बऱ्याचदा कातास्त्रालची किंमत अजून ठरलेलीच नसते. तिथे खरेदी किमतीच्या निम्म्यावर १.१ टक्के धरतात. "किंमतच ठरली नाही, मग कर कशावर" ही पळवाट नाही.

---

कसलाकर | १४ नोव्हेंबर

३९ युरो ८२ सेंटसाठी धागा? एवढ्याची तर आम्ही तिथे कोळंबी खातो. भरून टाका की राव. पण मला एक सांगा, नाही भरला तर पकडणार कसे?

---

लीड्सची मावशी | १४ नोव्हेंबर

@कसलाकर, त्याचीच गोष्ट सांगायला आले. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने आलिकांतेकडचं घर विकलं, दीड लाख युरोला. विकणारा स्पेनबाहेर राहणारा असेल तर घेणाऱ्याला किमतीचे ३ टक्के कापून सरकारात भरावे लागतात, म्हणजे यांचे साडेचार हजार तिथे अडकले. त्यांना नफा काही झाला नव्हता. घेतलं एक लाख चाळीस हजाराला, वर खरेदीचा १० टक्के कर गेलेला, धरून एक लाख चोपन्न. म्हणजे सगळे साडेचार हजार परत यायला हवे होते. परताव्याचा अर्ज केला तर उत्तर आलं की आधी मागच्या वर्षांचे २१० दाखवा. एकही भरलेला नव्हता. मग दोघांचे मिळून सगळे जुने फॉर्म, दंड, व्याज, सल्लागाराची फी, आणि परतावा येईपर्यंत वाट पाहणं.

आता माझा प्रश्न. माझ्या दिरांनी २०१९ मध्ये कोस्ता ब्लांकात घर घेतलं, राहतात शेफील्डला. हा धागा त्यांना पाठवला तर फोनवर पाच सेकंद शांतता. त्यांनी आजवर काहीच भरलेलं नाही. आता काय करायचं हो?

---

हिशेबनीस | १४ नोव्हेंबर

मावशी, दिरांना सांगा, नोटीस यायच्या आधी आपणहून भरलं तर शिक्षा नाही, फक्त अधिभार आहे. २०२१ पासूनचा नियम असा: मुदत उलटली की १ टक्का, आणि उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला आणखी १ टक्का. बारा महिने उलटले की सरसकट १५ टक्के, आणि त्या बारा महिन्यांनंतरच्या काळाचं व्याज. पैसे वेळेत भरले तर अधिभारातही २५ टक्के सूट मिळते. नोटीस आली की मात्र खेळ बदलतो, बुडवलेल्या कराच्या ५० टक्क्यांपासून दंड सुरू होतो.

किती वर्षं मागे जायचं? खात्याचा हक्क चार वर्षांनी संपतो. पण ती चार वर्षं मोजायची फॉर्मच्या मुदतीपासून, कराच्या वर्षापासून नव्हे. २०२० च्या फॉर्मची मुदत होती ३१ डिसेंबर २०२१. म्हणजे २०२० हे वर्ष या डिसेंबरअखेरपर्यंत जिवंत आहे. २०१९ गेलं. तेव्हा आज दिरांच्या खात्यावर २०२०, २१, २२ आणि २३ ही चार थकलेली वर्षं आहेत, आणि २०२४ अजून मुदतीत आहे. २०२० ला त्यांचा दर १९, पुढच्या वर्षांना २४. सरसकट २४ लावून जास्त भरू नका. २०२३ च्या फॉर्मला आज दहा पूर्ण महिने उशीर झालाय, म्हणून ११ टक्के. त्याआधीच्यांना १५ आणि व्याज.

२०२० साठी महिनाभर थांबून मुदत उलटू द्यायची का, हा प्रश्न ते विचारतीलच. तो निर्णय त्यांचा. मी एवढंच सांगतो की नोटीस निघाली की चार वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, आणि नोटीस शेफील्डला येईलच असं नाही. ती तिथल्या फ्लॅटच्या पत्त्यावर जाते. तिथे कोणी सापडलं नाही की सरकारी राजपत्रात छापतात आणि पोचली असं धरतात.

@कसलाकर, पकडणार कसे: खरेदीखत नोटरीसमोर होतं आणि नोटरी ते कळवतो, मालकाचं नाव कातास्त्रोत असतं, वीज-पाण्याची नोंद असते. माहिती सगळी आहे. प्रत्येकामागे ते लागत नाहीत हेही खरं. पण विकताना, वारसा लावताना किंवा परतावा मागताना फाईल उघडतेच.

---

बार्देसकार | १५ नोव्हेंबर

स्विंडनहून. आमच्या इथे गोव्याचे खूप लोक, आणि बऱ्याच जणांकडे पोर्तुगीज पासपोर्ट. माझ्याकडेही आहे. दोन भावांनी मिळून मालागाच्या बाजूला एक जुनं घर घेतलंय. मला वाटत होतं आम्ही युरोपीय नागरिक, आम्हाला १९ टक्केच. बरोबर ना?

---

हिशेबनीस | १५ नोव्हेंबर

नाही. दर ठरतो तुम्ही कर-रहिवासी कुठले आहात त्यावर, पासपोर्टवर नाही. स्विंडनला राहता, कर तिथे भरता, म्हणजे २४. उद्या लिस्बनला राहायला गेलात आणि तिथले कर-रहिवासी झालात तर १९. उलट, भारतीय पासपोर्टवर म्युनिकमध्ये नोकरी करणाऱ्याला १९ लागतो. १९ चा दावा करायचा तर राहत्या देशाच्या आयकर खात्याचा निवासाचा दाखला जवळ ठेवा, मागितला तर दाखवता यायला हवा.

---

बार्देसकार | १५ नोव्हेंबर

पासपोर्टाचा उपयोग विमानतळावरच्या रांगेपुरता तर! देव बरें करूं.

---

रॉटरडॅमची सुमन | १५ नोव्हेंबर

आमचं घर देनियाजवळ आहे. आम्ही उन्हाळ्यात काही आठवडे भाड्याने देतो, त्यामुळे आमचं प्रकरण दुहेरी. भाड्याच्या दिवसांचं खरं उत्पन्न एका फॉर्मवर, उरलेल्या दिवसांचं मानलेलं उत्पन्न दुसऱ्यावर. फॉर्म तोच २१०, फक्त उत्पन्नाचा प्रकार वेगळा लिहायचा, भाड्याला ०१ आणि मानलेल्याला ०२. आधी भाड्याचं दर तिमाहीला भरावं लागे, फार कटकट. २०२४ पासून वर्षाचं एकत्र भरता येतं. २०२४ च्या भाड्याची मुदत १ ते २० जानेवारी २०२५ होती. पुढची तारीख प्रत्येकाने खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी, गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबू नये.

नेदरलँड्समध्ये राहत असल्याने आम्हाला खर्च वजा करता येतो: कर्जाचं व्याज, इबी, सोसायटी, विमा, दुरुस्ती, वर इमारतीच्या किमतीचा ३ टक्के घसारा, सगळं भाड्याच्या दिवसांच्या प्रमाणात. खर्च जाऊन हातात फारसं करपात्र उरत नाही. इंग्लंडवाल्यांना हे मिळत नाही, त्यांना ढोबळ भाड्यावर २४ टक्के. माझ्या मते मोठा अन्याय ३९ युरोंचा नाही, हा आहे.

शिवाय इथे हॉलंडच्या रिटर्नमध्येही ते घर ‘बॉक्स ३’ मध्ये, म्हणजे बचत-गुंतवणुकीच्या भागात, दाखवायचं आणि दुहेरी कराची सूट मागायची. परदेशातलं घर आहे म्हणून लिहायचंच नाही, हे इथे चालत नाही.

आणि भाड्याने देणाऱ्यांनो, बुकिंगच्या संकेतस्थळांना २०२३ पासून घरमालकांचं उत्पन्न युरोपातल्या कर खात्यांना कळवावं लागतं. स्पेनमध्ये १ जुलै २०२५ पासून नोंदणी क्रमांकाशिवाय कमी मुदतीच्या भाड्याची जाहिरातच चालत नाही. "नुसतं मित्रांना देतो" म्हणायचे दिवस संपले.

---

हिशेबनीस | १५ नोव्हेंबर

सुमनताईंनी माझं अर्धं काम केलं. खर्चाच्या वजावटीबद्दल भर: २८ जुलै २०२५ ला इथल्या आउदिएन्सिया नासिओनाल या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला भाड्याचे खर्च वजा करू न देणं भांडवलाच्या मुक्त प्रवाहाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. इंग्लंड, अमेरिका, भारत, दुबई, सगळ्यांच्या कामाची गोष्ट. पण कायद्याचा मजकूर तसाच आहे आणि वरचं न्यायालय बाकी आहे. सध्याचा सावध मार्ग असा की ढोबळ रकमेवर भरायचं आणि मग दुरुस्तीचा अर्ज करून जास्त गेलेले परत मागायचे. खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. नाव-पत्ता नसलेली प्लंबरची चिठ्ठी चालत नाही, रीतसर बिल हवं.

टेम्सकाठ, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. भाड्यावर स्पेनमध्ये भरलेल्या कराची वजावट इंग्लंडच्या रिटर्नमध्ये मिळते, कारण ते भाडं तिथेही करपात्र असतं. मानलेल्या उत्पन्नावरच्या कराची मिळत नाही. स्वतःच्या घरात राहण्यावर इंग्लंड कर लावतच नाही, मग सूट कशातून देणार? ते ८० युरो गेले ते गेलेच.

---

पर्वती पायथा | १६ नोव्हेंबर

चर्चा उत्तम चालली आहे. एक बाजू राहून गेली, ती मांडतो. आम्ही २६ वर्षे हॅम्बुर्गला होतो आणि आता कायमचे पुण्यात परतलो आहोत. मायोर्कातील छोटे घर विकलेले नाही.

परतणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, अनिवासी असताना घेतलेली परदेशातील स्थावर मालमत्ता परतल्यावरही ठेवता येते. परकीय चलनाविषयीच्या फेमा कायद्याच्या कलम ६(४) मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. त्यामुळे "घाईने विकून टाका" हा नातेवाइकांचा सल्ला मनावर घेऊ नये. दुसरी, जर्मनी सुटल्यावर स्पेनमधील आमचा दर १९ वरून २४ झाला, कारण आता आम्ही भारताचे कर-रहिवासी.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे बहुतेकांचा दर्जा ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ असा असतो. त्या काळात परदेशी मालमत्तेचे परिशिष्ट भरावे लागत नाही. पूर्ण निवासी झालात की आयकर विवरणपत्रात ‘शेड्यूल एफए’ भरावेच लागते, उत्पन्न शून्य असले तरी. त्यात परदेशी बँक खाते आणि घर दोन्ही येतात, आणि माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाची द्यायची असते. न दिल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या परदेशी मालमत्तेला या दंडातून वगळले आहे, असे अनेक जण सांगतात. ते खरे आहे, परंतु त्या सवलतीत स्थावर मालमत्ता येत नाही. म्हणजे खाते सुटेल, घर सुटणार नाही.

---

कसलाकर | १६ नोव्हेंबर

पर्वतीकाका, तुमची पुण्यातली घरं किती? दोनच शून्य धरता येतात म्हणाले वर. स्पेनचं तिसरं झालं की त्याचं मानलेलं भाडं इकडेही? म्हणजे एकाच रिकाम्या घराचं न आलेलं भाडं दोन देशांत?

---

पर्वती पायथा | १६ नोव्हेंबर

आपला प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे. होय. तीन घरे स्वतःच्या वापरात असतील तर दोन निवडून शून्य धरायची, तिसऱ्याचे मानलेले भाडे भारतात करपात्र होते, घर कोठेही असो. आमची दोनच आहेत, एक येथील आणि एक तेथील. मुळशीचा प्लॉट अजून प्लॉटच आहे.

स्पेनमध्ये भरलेल्या कराचे श्रेय भारतात मागावयाचे झाल्यास मुदतीत फॉर्म ६७ भरावा लागतो. मानलेल्या भाड्यासमोर मानलेल्या उत्पन्नावरील कर असा मेळ घालता येईल किंवा कसे, हे आपापल्या सीएंना विचारावे. आमच्या सीएंनी चष्मा काढून ठेवला आणि चहा मागवला.

---

लीड्सची मावशी | १६ नोव्हेंबर

काका, चहाची गोष्ट एक नंबर!

अवांतर: याच्या उलट बाजूला आम्ही. आमचा फ्लॅट मडगावला, राहतो इथे. तिथे मानलेल्या भाड्याची कटकट नाही कारण दोन घरांपर्यंत शून्य, आणि भारतात दुसरं करपात्र उत्पन्न नसेल तर रिटर्नही लागत नाही. पण विकायला जा, मग कळतं. स्पेनमध्ये ३ टक्के कापतात म्हणून आपण रडतोय, आपल्याकडे अनिवासी विकणारा असेल तर घेणारा १२.५ टक्के अधिक सरचार्ज आणि सेस कापतो, तोही बहुतेक वेळा नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर! कमी कापायचा दाखला आधी आयकर खात्यातून काढला नाही तर पैसे रिटर्न भरून परत मिळेपर्यंत अडकतात. घेणारा बिचारा गोंधळतो, निवासी विकणाऱ्यासारखा १ टक्का कापून मोकळा होतो आणि मग त्याच्या मागे लागतात. विकायचं ठरलं की दाखल्याचा अर्ज आधी करा, बयाणा नंतर घ्या.

---

निळी छत्री | १७ नोव्हेंबर

बासेलहून. आम्ही फ्रान्सच्या दक्षिणेला बघतोय, स्पेन नको म्हणून. तिथेही हे मानलेलं भाडं आहे का?

---

हिशेबनीस | १७ नोव्हेंबर

फ्रान्स माझा प्रांत नाही, जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढं सांगतो. स्वतः वापरलेल्या घराचं मानलेलं उत्पन्न तिथे धरत नाहीत. पण मालकाच्या जमीन-घर कराशिवाय तिथला निवास कर दुसऱ्या घरांवर अजून आहे, मुख्य घरांवरचा तेवढा काढला. आणि २०२३ पासून प्रत्येक मालकाला, परदेशी धरून, घरात कोण राहतं ते खात्याच्या संकेतस्थळावर जाहीर करावं लागतं. एकदा केलं की बदल झाला तरच पुन्हा. न केल्यास घरामागे १५० युरो दंड. म्हणजे फॉर्मपासून सुटका तिथेही नाही.

---

टेम्सकाठ | १७ नोव्हेंबर

आता प्रत्यक्ष भरायचं कसं ते सांगा. आमच्याकडे डिजिटल प्रमाणपत्र वगैरे नाही. एजंटकडे विचारलं तर त्याने सांगितलेली दोघांची फी जवळजवळ कराएवढी आहे.

---

हिशेबनीस | १७ नोव्हेंबर

पहिल्या वर्षी फी देऊन करून घ्या असं मी म्हणेन (आमचं पोट त्यावर आहे हे आलंच). पण स्वतः करणं अवघड नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर २१० प्रमाणपत्राशिवाय भरून त्याची पीडीएफ काढता येते. उत्पन्नाचा प्रकार ०२, तारीख ३१/१२/२०२४, घराचा वीस अक्षरांचा कातास्त्रो क्रमांक, तुमचा टक्का, इंग्लंडचा पत्ता आणि तिथला कर क्रमांक. ती छापून स्पेनमधल्या बँकेत नेऊन पैसे भरायचे. नाताळात जाणार असाल तर सोपं, फक्त बँका त्या दिवसांत दुपारी लवकर बंद होतात. खात्यातून आपोआप वळतं करून हवं असेल तर मुदत ३१ नव्हे, २३ डिसेंबर.

फॉर्ममध्ये रकान्यांची नावं स्पॅनिश आहेत. भाषांतराचं यंत्र लावून भरताना लोक ‘करदाता’ आणि ‘भरणारा’ हे रकाने उलटे करतात. तेवढं बघा.

---

कसलाकर | १७ नोव्हेंबर

आणि तो श्रीमंती कर? गेल्या वर्षी कोणीतरी घाबरवलं होतं.

---

हिशेबनीस | १७ नोव्हेंबर

तो स्पेनमधल्या निव्वळ मालमत्तेवर, आणि माणशी ७ लाख युरोंपर्यंत सूट आहे. तुमची कोळंबी सुरक्षित आहे.

---

टेम्सकाठ | १८ नोव्हेंबर

काल रात्री दोघांचे मसुदे तयार केले. नगरपालिकेला फेरआकारणीच्या वर्षाबद्दल ईमेल गेलाय. शेवटची शंका: फ्लॅटबरोबर तळघरात गाडीची जागा आहे. इबीच्या पावत्या नीट पाहिल्या तर तिची पावती वेगळी, ९ युरोंची, आणि तिच्यावर वेगळा कातास्त्रो क्रमांक.

---

हिशेबनीस | १८ नोव्हेंबर

वेगळा क्रमांक म्हणजे वेगळी मालमत्ता, आणि २१० दर मालमत्तेला वेगळा. गाडीच्या जागेचा कर काही युरोच होईल, पण फॉर्म भरावा लागेल. दोघांचे दोन-दोन, एकूण चार. ईमेलचं उत्तर येईपर्यंत पीडीएफ काढू नका, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आलं नाही तर फोन करा. सकाळी नऊ ते दोन.